पहिला दिवस, ह्यांच्या कॉटपाशी

क्लासच्या पहिल्या दिवशी मी नव्या बायकांना नाव विचारत नसे. बसा म्हणत नसे. पहिल्या दिवशी मी फक्त चादर ओढत असे.

माझा क्लास वह्यापुस्तकांचा नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं करायला घरोघरी बायका लागतात, त्या मी तयार करते. कूस बदलायची, अंग पुसायचं, भरवायचं, घाण काढायची. माझी शाळा दुसरीतच सुटली आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. शाळेत हे कोण शिकवतं? मी शिकले ती आमच्या ह्यांच्या अंगावर. ह्यांना लकवा झाला, वाचा गेली, डावा हात आणि डोळे तेवढे उरले. हॉस्पिटलवाले म्हणाले, आता घरीच करा. दुखणं हत्तीच्या पायानं येतं म्हणतात. आमच्याकडे आलं ते पुढच्या खोलीत ठाण मांडून बसलं. मी करत गेले, मग शेजारणींना दाखवत गेले, त्यातून क्लास झाला. सरावाला आजारी बाहेरून कशाला आणायचा? घरचाच होता.

तर पहिला दिवस. बायका ह्यांच्या कॉटभोवती उभ्या करायच्या आणि एक शब्द न बोलता चादर पायापर्यंत ओढायची. खाली लघवीची नळी, लंगोट, वाळलेल्या मांड्या आणि माकडहाडापाशी भरून आलेल्या जखमेचा खड्डा. जी तोंड फिरवेल तिला तिथल्या तिथं घरी पाठवायची. शितावरून भाताची परीक्षा. लोकांना हे दुष्टपणाचं वाटतं. वाटू दे. आमच्या मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या शिंप्याकडे दुसऱ्या क्लासची बाई येत होती. गोड बोलायची, हसायची. एके दिवशी तिला किळस आली आणि भर दुपारी चप्पल घालून निघून गेली. शिंपी अंधार पडेपर्यंत त्या घाणीत पडून. त्याची पाठ जी सडली ती त्याला घेऊनच गेली. पहिल्या दिवशी पळाली ती बाई कुणाचं वाटोळं करत नाही. महिन्यानं पळते ती करते.

गेल्या वेळी चादर ओढल्यावर एक बाई हसली. वाईट मनानं नव्हे, काहींना घाबरलं की हसूच फुटतं. मी तिला हाकललं. ह्यांनी डोळे भिंतीकडे वळवले ते दिवसभर भिंतीलाच. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ह्यांनी तोंड मिटलं.

मिटलं म्हणजे मिटलंच. चमचा ओठाला लागला की दातावर दात. कोपऱ्यातून सरकवलं तर पाणी जायचं, तेही निम्मं गळ्यावर. नाक दाबलं की तोंड आपोआप उघडतं, ते मी करून बघितलं. आत गेलेलं सगळं फुर्रकन माझ्या अंगावर आलं.

डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, "असंच राहिलं तर फार दिवस नाहीत. नाकातून नळी घालू आणि पोटात अन्न सोडू."

नळी एकदा घालून झाली होती. ह्यांनी डाव्या हातानं ती उपटली होती, उशी रक्तानं भरली होती. मग हॉस्पिटलात तो एक चालता हात कॉटच्या दांडीला बांधून ठेवला. मनगटावरचा वळ जायला किती काळ लागला ते मला ठाऊक आहे.

"हात ह्याही वेळी बांधावा लागेल का?" मी विचारलं.

"लागेल. आणि आता बहुतेक कायमचा."

मुलगा म्हणाला, "घाला नळी. ह्यात विचार कसला करायचाय?" त्याचं वडिलांवर प्रेम. लांबून. कामावरून आला की दारातूनच "बाबा, बरं आहे ना?" म्हणतो आणि उत्तर यायच्या आत आंघोळीला जातो. डॉक्टरांनी सोमवारी संध्याकाळी येतो म्हणून सांगितलं. सोमवारीच नव्या तुकडीचा पहिला दिवस होता.

ह्या वेळी क्लास सून घेणार होती. माझा खांदा गेला, ह्यांना उचलून उचलून. सून दवाखान्यात नर्स होती, शिकलेली. नाकापेक्षा मोती जड, पण हाताला हलकी आहे, ते मी नाकारत नाही. रविवारी ती भांडी विसळता विसळता म्हणाली, "आई, उद्या चादर ओढायची नाही."

विचारलं नाही. सांगितलं.

"मग काय हार घालायचे त्यांना?"

"विचारून हात लावायचा."

"कुणाला विचारून?"

"बाबांना. हो असेल तर डोळे मिटतील. त्यांना कळतं सगळं, आई."

"कळतं तर! म्हणूनच भाव खातात. चमचा दिसला की तोंड शिवल्यासारखं. तुला हे नवीन असेल, माझा जन्म गेला ह्यांचा हट्ट बघण्यात. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही."

"हट्ट नसेल तो."

"मग काय असेल?"

तिनं नळ बंद केला. "घरात सदरा घातल्याशिवाय कधी बसले नाहीत, असं तुम्हीच सांगता. असा माणूस दर तुकडीला सातआठ परक्या बायकांसमोर उघडा पडतो. आणि मागच्या वेळी त्यातली एक हसली."

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला. क्लासचा आणि तोंडाचा काही संबंध नाही."

"बरं, नसेल. पण बाबा गाडी चालवायला शिकवायचे ना? त्यांच्या क्लासचा पहिला दिवस कसा असायचा?"

"कसला असायचा! गाडी बंद. शिकणाऱ्याला चाकापुढं बसवायचं, आपण शेजारी बसायचं आणि म्हणायचं, तुला कशाकशाची भीती वाटते ते सांग. तास संपला. म्हणून तर धंदा बसला."

सून हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "उद्या त्यांना लाजवायचं नाही, विचारून भरवायचं. जेवले तर संध्याकाळी डॉक्टरांना परत पाठवू. नळी नको आणि हात बांधणं नको."

"आणि नाही जेवले तर?"

तिनं पुन्हा नळ सोडला.

सोमवारी बायका आल्या. सुनेनं ह्यांच्या शेजारी एक रिकामी कॉट आणून ठेवली होती, स्टुलं गोल मांडली होती आणि एकेकीला विचारत होती, तुम्ही घरी कुणाचं केलंय, त्यात जड काय गेलं. मी दारातून म्हटलं, "पाहुण्या जमल्यात वाटतं! चहा टाकू का?"

"टाका ना, आई."

पालथ्या घड्यावर पाणी. आणि चहा मला टाकावा लागला.

मी नावं विचारत नाही, मनातल्या मनात ठेवते. एक आडव्या बांध्याची, धान्याच्या गोदामात काम केलेली, आवाज असा की खिडक्या हलाव्यात. ती भोंगा. दुसरी सुकलेली, मान खाली, कपाचा कान धरून बसलेली. ती काडी. बाकीच्या नेहमीसारख्या. भोंग्यानं सासूचं केलं होतं. "जड काय जाणार? सासूच जड होती!" सगळ्या हसल्या. काडीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "आईचं केलं," आणि पुढं बोलली नाही. सुनेनंही ओढून काढलं नाही. मी असते तर काढलं असतं.

मग सगळ्या कॉटपाशी आल्या. चादर गळ्यापर्यंत. ह्यांनी बायका बघितल्या आणि चादरीची कड डाव्या मुठीत धरली. बोटं पांढरी पडली. ते मी बघितलं, सुनेनंही बघितलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

"बाबा," सून वाकून म्हणाली, "आज चादर निघणार नाही. ह्या बायका तुम्हाला विचारूनच हात लावतील. हो असेल तर डोळे मिटा. नको असेल तर उघडे ठेवा."

एकेक पुढं आली. "पाय दाबून देऊ का?" "उशी सारखी करू का?" मागायला आल्यासारख्या. ह्यांचे डोळे टक्क उघडे. भोंगा म्हणाली, "आजोबा, कूस बदलू का? पडणार नाही हो, माझे दंड बघा, पोती उचललीत मी!" ह्यांनी तिच्याकडे बघितलं खरं, पण डोळे मिटले नाहीत.

शेवटी सुनेनं सूप आणलं. कोमट, गाळलेलं. "बाबा, दोन चमचे घ्याल?"

उघडे.

"एक?"

उघडे. वाटीतल्या सुपावर साय धरत चालली होती. सुनेचा चेहरा उतरला, कारण संध्याकाळ तिच्याही डोक्यात होती. तेव्हा काडीनं तोंड उघडलं.

"बाई, नाही म्हणाले तर काय करायचं?"

"थांबायचं. थोड्या वेळानं पुन्हा विचारायचं."

"पुन्हा नाही म्हणाले तर?"

"तर नाही."

"आणि जेवण असेल तर? रोजच नाही म्हणाले तर?"

सगळ्या वाटीकडे बघत होत्या. क्लासच्या पहिल्याच दिवशी शिकवणारीला उत्तर येईना, असं माझ्या घरात कधी झालं नव्हतं. म्हणून मी म्हणाले, "तर नाक दाबायचं. तोंड उघडतं."

काडी माझ्याकडे वळली. "मी तसंच करायचे," ती म्हणाली. "आई शेवटी माझ्याकडे बघत नव्हती. चमचा बघायची फक्त."

असं बोलून ती रडली असती तर मी तिला घरी पाठवलं असतं. ती रडली नाही.

सुनेनं वाटी खाली ठेवली. "आई, त्या कॉटवर आडव्या व्हा. सरावाला कुणीतरी हवंय, आणि बाबांना आज नकोय."

"मी?"

"तुमच्याइतकं आजाऱ्याला ओळखणारं दुसरं कोण आहे इथं?"

गोड बोलून गळा कापायचा तो असा. पण सगळ्यांसमोर नाही म्हटलं असतं तर भ्याले असं झालं असतं. शेजारच्या रिकाम्या कॉटवर मी पडले. सुनेनं माझ्यावर चादर घातली. "आता तुम्हाला बोलता येत नाही. उजवी बाजू हलत नाही. ताई, तुम्ही भरवा." ताई म्हणजे भोंगा.

खालून माणसं वेगळी दिसतात. नाकपुड्या, हनुवटीचे केस, काखेतला घाम. छताला एक ओल आली होती, माझ्या घरातली, मला माहीत नसलेली. भोंग्यानं विचारलं नाही, शिकवलेलं सगळं विसरली, थेट चमचा आणला आणि तो माझ्या दातावर आपटला. आपटून ती शेजारणीला सांगायला लागली, "अगं, आमच्या सासूला तर मी…" सूप नाकाखालून कानात.

"अगं ए, बघ जरा इकडं!"

"आजारी बोलत नसतो, मोठ्या बाई!" भोंगा ओरडली आणि खोली हसली. मीही हसले असते, पण कानात सूप होतं.

"आई, तुमची बाजू हलत नाही. नको असेल तर काय करता येईल तेवढंच करा," सून म्हणाली.

मी तोंड मिटलं. दुसरं काय करणार? भोंगा चमचा ओठावर घासत राहिली. "आ करा, आ… शहाण्या ना तुम्ही? एवढाच घास." हे शब्द माझेच. मी वळून ह्यांच्याकडे बघितलं. दोन्ही कॉट एका उंचीच्या. इतकी वर्षं मी ह्यांना वरून बघत आले होते. आत्ता समोरासमोर आलो. ते माझ्याकडेच बघत होते. भिंतीकडे नाही, वाटीकडेही नाही. बराच वेळ बघत होते. भोंगा "आ करा" म्हणत होती, आणि मी आ केला नाही.

उठले तेव्हा मी तिला काय काय सुनावलं ते इथं सांगत नाही. तिनं ऐकून घेतलं.

बायका गेल्या. सून पुन्हा वाटी गरम करायला वळली. मी म्हटलं, "आण इकडं. तू बाहेर बस."

स्टूल कॉटला लावलं. "अहो," मी म्हणाले, "जेवता का?"

उघडे.

"कुणी येणार नाही आता. क्लास आतल्या खोलीत नेते. चादरीला कुणी हात लावणार नाही. मग जेवाल?"

मला वाटलं, मिटतील. ह्या एका गोष्टीसाठीच तोंड मिटलं असेल तर ती गोष्ट मी आता सोडून दिली होती. ह्यांनी मूठ सैल केली, चादर सुटली. पण डोळे उघडेच.

"संध्याकाळी डॉक्टर येतायत. नळी घालू द्यायची?"

उघडे.

"अहो, मग काय? तसंच राहू द्यायचं? काही नको?"

डोळे मिटले. पापण्या थरथरल्या नाहीत, झोप येते तसंही नव्हतं. मिटले, आणि उघडून माझ्याकडे बघितलं.

एकदा ऐकून मी कुणाचं खरं मानत नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा मिटले. मग माझा तोल गेला. "इतकी वर्षं मी कुणासाठी झिजले? खांदा कुणासाठी गेला? घाण काढली, रात्री जागले, आणि तुम्ही मला सांगता राहू दे? तुम्हाला कुणी विचारलं?" तोंडातून गेलं आणि लक्षात आलं की मीच विचारलं होतं. दोनदा. सून दाराशी येऊन उभी राहिली होती. आत आली नाही.

ह्यांनी डावा हात उचलला. मला वाटलं, वाटी उडवणार. पण तो हात माझ्या दुखऱ्या खांद्यापर्यंत आला, टेकला न टेकला आणि खाली पडला. तेवढीच ताकद होती.

संध्याकाळी डॉक्टर आणि मुलगा एकत्रच आले. डॉक्टरांनी पिशवीतून नळी काढली. मी कॉटपुढं आडवी उभी राहिले.

"नळी नाही."

"आई, बाजूला हो," मुलगा म्हणाला.

"तुझे वडील नको म्हणतायत."

"बाबा बोलतात?"

"विचारल्यावर सांगतात. तू विचार. इथं ये, वाक, त्यांच्या डोळ्यांत बघ आणि विचार, बाबा, जगायचंय का."

मुलगा कॉटच्या पायथ्याशी आला. ओठ हलले. "बाबा," म्हणाला, आणि तेवढंच. डॉक्टर खिडकीकडे बघायला लागले. मग पोरगा माझ्यावर फिरला, "तू उपाशी मारणार त्यांना! इतकी वर्षं केलंस, आता कंटाळलीस!"

सून मधे पडली नाही. ती वाकली आणि तिनं विचारलं, तोच प्रश्न, हळू आवाजात, उलटसुलट करून. ह्यांनी दोन्ही वेळा तेच सांगितलं. मुलानं ते बघितलं. बघितलं नाही असं तो आता म्हणतो, पण बघितलं.

डॉक्टरांनी नळी पिशवीत टाकली. म्हणाले, ओठ ओले ठेवा, कूस बदलत राहा, दुखायला लागलं तर मला बोलवा. जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. चांगलं केलं म्हणून की वाईट केलं म्हणून, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी क्लास भरला. आतल्या खोलीत. मी सुनेला म्हटलं, त्यांना खरं काय ते सांग, ज्यांना जायचं त्यांना जाऊ दे. दोघी गेल्या. भोंगा राहिली, हे मला वाटलं नव्हतं. काडी मधेच उठून पुढच्या खोलीत यायची, ओल्या कापसाचा बोळा घेऊन. "ओठ ओले करू?" ह्यांचे डोळे मिटायचे. ती करायची आणि जायची. मरणाऱ्याचं कसं करायचं हे मी कुठल्याच तुकडीला शिकवलं नव्हतं. माझ्याकडे सगळं जगवायचं शिक्षण होतं. त्या बायका ते ह्यांच्यापाशी शिकल्या आणि मी त्यांच्याबरोबर उभी राहिले. पाठीला एकही जखम न होता हे गेले. माझ्या मांडीवर नाही, कुणाच्याच नाही, सगळी जेवायला बसली होती तेव्हा.

मुलगा माझ्याशी बोलत नाही. मी वाढलेलं जेवतो, ताट सरकवतो आणि उठतो. शेजाऱ्यांना सांगतो, नळी घातली असती तर वडिलांनी अजून वर्षभर काढलं असतं. काढलं असतं. हात बांधून ठेवला असता तर दोन वर्षंही काढली असती, मी नाही म्हणत नाही. परवा तो ह्यांची कॉट विकायला माणूस घेऊन आला. मी त्या माणसाला म्हटलं, आमच्याकडे कॉट विकायची नाही, आणि दार लावून घेतलं. आत मुलगा भिंतीला टेकून उभा होता. मी त्याला म्हटलं, "तुला मला काय विचारायचंय ते एकदा विचारून टाक. मी घरातच आहे."

त्यानं अजून विचारलेलं नाही.